कंपासपेटी आणि कटिंग प्लॉटर

मोटारसायकलची नंबर प्लेट ज्या दुकानात करून मिळत असे, त्याला आपण रेडियमचे दुकान म्हणतो. वस्तुतः त्या चिकटपट्टीत रेडियम हा धातू औषधालाही नसतो. तो प्रकाश परत फेकणाऱ्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. दुकानातील मुलगा संगणकावर आकडे टाकतो, बाजूचे लांबट यंत्र कुरकुरते, पापुद्रा पुढे-मागे सरकतो आणि दोन मिनिटांत अक्षरे कापून तयार होतात. या यंत्रास कटिंग प्लॉटर म्हणतात. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना चित्रकला व कार्यानुभवाच्या तासाला हे यंत्र शिकवावे काय, आणि शिकवायचे तर कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. त्यात मुख्य मोटारी दोनच. एक मोटार पात्याची गाडी डावी-उजवीकडे नेते, दुसरी रूळ फिरवून कागद पुढे-मागे करते. या दोन हालचाली एकत्र झाल्या की तिरपी रेघ, वर्तुळ, हवे ते वळण निघते. आलेखाच्या वहीत आपण क्ष आणि य मोजून बिंदू मांडतो, तेच गणित येथे चालते. पाते जेमतेम टोकाएवढे बाहेर असते आणि सामान ढकलण्याच्या ढकलगाडीच्या मोकळ्या चाकाप्रमाणे दिशा बदलली की आपोआप वळते. ते किती खोल जावे हे हाताने ठरवावे लागते. वरचा पापुद्रा कापला जावा, पण खालचा कागद कापला जाऊ नये, म्हणून प्रत्येक वेळी कोपऱ्यात एक लहानसा चौकोन कापून पाहतात. या चाचणीला आळस करणाऱ्याचे सामान हमखास वाया जाते.

दुसरी गोष्ट अशी की, यंत्राला छायाचित्र कळत नाही, त्याला रेघ लागते. मोबाईलवर काढलेला फोटो दिला तर कोठून कापावयाचे हे त्यास उमगत नाही. म्हणून इंकस्केपसारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत चित्राच्या कडा रेघांनी आखून घ्याव्या लागतात. म्हणजे चित्र मुलानेच काढावयाचे, यंत्राने ते फक्त कापावयाचे. शिक्षकाच्या दृष्टीने या यंत्राचा हा मोठाच गुण होय.

आता प्रत्यक्ष पाठ. आपल्या मुलांना धम्मचक्रासारखा दुसरा विषय नाही, कारण ते घरोघरी डोळ्यांसमोर असते. आठ आऱ्यांचे चक्र कागदाने जमते. गोल कागदाची तीनदा घडी घातली की आठ भाग पडतात. परंतु राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला २४ आरे आहेत, तेथे घडीचा उपाय थकतो. कंपास घ्यावा, त्रिज्येएवढेच अंतर वर्तुळावर सहा वेळा कापावे, म्हणजे ६० अंशांचे सहा कोन मिळतात. प्रत्येक कोन दोनदा दुभागला की १५ अंश, आणि पंधरा चोवीस तीनशे साठ. हे सगळे कागदावर पेन्सिलीने झाल्याशिवाय संगणक उघडू देऊ नये, असे माझे मत आहे.

खरी गंमत यापुढे आहे. समजा, आरा ३ मिलिमीटर रुंद धरला आणि मधल्या चकतीची त्रिज्या १ सेंटिमीटर ठेवली. चकतीचा परीघ सुमारे ६२.८ मिलिमीटर, त्याचे २४ भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला २.६ मिलिमीटर येतात. तेवढ्या जागेत ३ मिलिमीटरचा आरा बसणार कसा? आरे एकमेकांत घुसतात, मधली फट नाहीशी होते. आरा २ मिलिमीटरचा केला तर फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरते आणि पाते तेथे कागद फाडते. चकतीची त्रिज्या २ सेंटिमीटर केली की प्रत्येक भाग ५.२ मिलिमीटरचा होतो आणि चक्र सुबक कापले जाते. काही मुले आराच मध्याकडे निमुळता करतील, तेही उत्तर बरोबर आहे. मुलाने कोणता उपाय निवडला व का, हे त्याने वहीत लिहावे. संकल्पचित्र शिकणे म्हणतात ते हेच.

दुसरा पाठ स्टेन्सिलचा. पुठ्ठ्यातून 'बुद्ध विहार' ही अक्षरे कापून भिंतीवर रंग मारावयाचा आहे. यंत्राने अक्षर कापले की 'व'च्या पोटातला तुकडा खाली गळतो, 'ब'च्या पोटातले तर दोन तुकडे गळतात, आणि भिंतीवर नुसता ठोकळा उमटतो. चिकटपट्टीवर ही अडचण येत नाही, कारण तेथे मागचा कागद सगळे धरून ठेवतो. स्टेन्सिलमध्ये मात्र पोटातला तुकडा बाहेरच्या पुठ्ठ्याशी बारीक पुलाने जोडून ठेवावा लागतो. हा पूल कोठे दिला तर अक्षर कुरूप होत नाही, हे आपले जुने पेंटर चांगले जाणत. फ्लेक्स आल्यावर त्यांचे काम गेले. एखाद्या पेंटरकाकांना या तासाला मुद्दाम बोलवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे असे म्हटलेच आहे.

अशा यंत्रांचा आपल्या ग्रामीण भागाशी संबंध काय, असे कोणी विचारील. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस शेती, वीज, बांधकाम, आरोग्य अशी गावाच्या गरजेची कामे हाताने करीत शिकावे, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक, आणि ती मुंबईत नव्हे तर शिरूर तालुक्यातील खेड्यात झाली. पुढे २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या निवडक शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले.

अनुदान येते, यंत्रेही येतात. एका शाळेत मी असे यंत्र पाहिले, त्यावर उद्घाटनाच्या दिवशीचा हार वाळून तसाच होता. बिघडेल म्हणून कपाटाला कुलूप. फार तर हुशार समजली जाणारी दोन मुले बटण दाबतात आणि मुली मागच्या रांगेतून पाहतात. डोके एकाकडे व हात दुसऱ्याकडे, ही वाटणी या देशात कोणी केली व तिचे काय परिणाम झाले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आपल्या शेजारच्या वर्ध्यास १९३७ साली हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना निघाली, तिचा भर चरख्यावर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात याउलट बाजू मांडली. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि माणसाला विचार करावयास फुरसत हवी असेल तर यंत्र हवेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हा कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न आपण पालकसभेत अवश्य विचारावा.

फुलसावंगीत हा विषय लिहिताना एक आठवण टाळता येत नाही. आठवीपर्यंत शिकलेल्या आपल्या गावच्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनविले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना त्याचे पाते तुटले आणि तो गेला. वर्तमानपत्रांनी चार दिवस त्याचे कौतुक व हळहळ छापली. त्याच्या हातात कसब होते, डोक्यात कल्पना होती, आणि एवढ्या आडगावी राहून त्याने हे धाडस केले, याबद्दल मला आदरच आहे. पण लहान नमुना करावा, तो मुद्दाम तोडून पाहावा, कोठे तुटला ते लिहावे, पुन्हा करावा, ही सवय ज्या वयात लागते त्या वयात आपल्या मुलांना तशी जागा मिळत नाही. पुठ्ठ्याचे पाते तुटले तर एका कागदाचे नुकसान होते.

सुरक्षिततेचे दोन शब्द. प्लॉटरचे पाते लहान असले तरी बोट कापते. यंत्र चालू असताना हात आत घालू नये आणि पाते शिक्षकानेच बदलावे. लेसरने कापणारे यंत्र वेगळे, ते मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय चालवू नये. रेडियमची चिकटपट्टी बहुधा पीव्हीसीची असते. ती लेसरखाली कधीही ठेवू नये, तिच्यातून विषारी वायू निघतो.

यंत्र घेण्याची ऐपत येईपर्यंत संस्थेने थांबण्याचे कारण नाही. आखणी, घडी, कंपास, पुठ्ठा व कटर एवढ्यावर निम्म्याहून अधिक पाठ होतो. उरलेल्यासाठी रेडियमच्या दुकानदाराला विनंती करावी, दुपारी गिऱ्हाईक कमी असते. पाच-पाच मुलांचा गट न्यावा, निम्म्या मुली असाव्यात, आणि प्रत्येकाने आपली आखणी पेनड्राइव्हमध्ये स्वतः घेऊन जावी. पहिल्या खेपेला बहुतेकांची चक्रे फाटतील. ती फाटलेली चक्रेही वहीत चिकटवावीत आणि शेजारी चकतीची त्रिज्या लिहावी.