गाईच्या पोटातली पिशवी



भाजीची साले, शिळे अन्न आपण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पोटाच्या पहिल्या कप्प्यात प्लॅस्टिक कुजत नाही. साचून त्याचा गोळा होतो. मग रवंथ मंदावते, दूध आटते, पोट फुगते. हा गोळा औषधाने विरघळत नाही. डॉक्टरांना पोट चिरूनच काढावा लागतो.

कर्नाटकात अशा पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे. पण उकिरड्यावर पहारा आपणच ठेवायचा. बाजाराला निघताना कापडी पिशवी घ्या, मासळीसाठी डबा न्या. साले जनावराला घमेल्यात सुटी घाला. प्लॅस्टिकची पिशवी घरात आलीच, तर धुऊन वेगळी ठेवा. तिच्यात खरकटे कधीही बांधू नका.