फायटर माशाला काय हवं असतं?

मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने बरणीतून फायटर मासा आणला. आपल्या मुळशीच्या पोरांना मासे काही नवे नाहीत. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला जाणारी ही पोरं. पिलांजवळ गेलं की मरळ मासा अंगावर येतो, हे त्यांनीच मला सांगितलं. पण बरणीत हा एकटाच. भांडणार कुणाशी?

मी बरणीला छोटा आरसा टेकवला. लगेच कल्ल्यांवरची झाकणं फुलली, पर ताठ झाले, रंग गडद झाला. अर्ध्या मिनिटात आरसा काढला. (घरी कराल तर तुम्हीही जास्त वेळ ठेवू नका, मासा दमतो.)

"बाई, त्याला राग आला का मजा वाटली?" एका मुलीने विचारलं.

प्रश्न भारी आहे. 1963 साली ट्रॅव्हिस थॉम्पसन या अमेरिकन संशोधकाने हेच तपासलं. टाकीत एक कडं ठेवलं. मासा त्यातून पोहून गेला की थोडा वेळ आरसा दिसायचा. खाऊ काही नाही, तरी मासा पुन्हा पुन्हा कड्यातून जायला शिकला! म्हणजे प्रतिस्पर्धी दिसणं हेच बक्षीस. त्याला 'मजा' म्हणायचं का, ते मात्र मासाच जाणे.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1970 मध्ये जेरी होगन आणि सहकाऱ्यांनी अट कडक केली, तेवढ्याच बक्षिसासाठी जास्त वेळा पोहायचं. खाऊसाठी माशांनी फेऱ्या वाढवल्या. आरशासाठी वाढवल्या नाहीत. कमी वेळा दिसला तरी चाललं. दोन्ही बक्षिसंच, पण सारखी नाहीत. आपण मात्र वहीवर स्टार, हातावर चॉकलेट, सगळ्यांना एकच माप लावतो.

माझ्या वर्गात एक मुलगा रोज मारामारी करतो. मी ओरडते, सगळा वर्ग वळून बघतो. मूल म्हणजे मासा नव्हे, हे कळतं मला. तरी शंका आली, त्या वळलेल्या माना म्हणजेच त्याचा आरसा तर नसेल? सोमवारपासून मी ओरडणं थांबवलंय. भांडण झालं की शांतपणे दोघांना वेगळं करते. आणि परिपाठात सगळ्यांसमोर बातम्या वाचायचं काम त्याला दिलंय. मंगळवारी भांडलाच. बुधवारी बातम्या वाचायला मात्र घंटेआधी येऊन उभा होता.