विचारायला लाजू नकोस

अगं, व्हिसाचा शिक्का बसला ना पासपोर्टवर? मग आता जरा निवांत बैस. आईची यादी वाढतेच आहे आणि बाबा वजनकाटा घेऊन बॅगेभोवती फिरतायत. मी त्यात फार भर घालणार नाही. मला तुझ्याशी बोलायचंय ते शिकायला जर्मनीत पोचल्यानंतरच्या सहा महिन्यांबद्दल. एजंट त्याबद्दल काही सांगत नाही, आणि घरी विचारावं तर घरच्यांना तरी कुठून माहीत असणार!

आपल्याला लहानपणापासून एक वळण लावलेलं असतं: कोणाला त्रास द्यायचा नाही. पाहुण्यांकडे गेलं तर दुसऱ्यांदा मागायचं नाही, दुखलं-खुपलं तर शक्यतो सोसायचं. हे वळण चांगलंच आहे, पण ते चालतं आपल्याकडे, कारण इथे समोरचा आपणहून ओळखतो. चेहरा उतरलेला दिसला तर शेजारच्या काकू विचारतात, ‘काय गं, बरं नाही का?’ तिथे असं कोणी विचारणार नाही. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत न विचारता शिरू नये अशी त्यांची रीत आहे. पण तू स्वतः विचारलंस, मेल लिहिलास, खिडकीपाशी जाऊन उभी राहिलीस, की तीच माणसं कागद काढून नीट समजावून सांगतात. म्हणून सांगते, तिथे गप्प बसणारीचं नुकसान होतं.

सामानाचं चटकन सांगून टाकते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, त्यामुळे पेढे, खवा, पनीर, साजूक तूप आईला मागेच ठेवायला सांग. तिला वाईट वाटेल, पण कस्टम्सवाल्यांनी ते कचऱ्यात टाकलेलं तुला पाहवणार नाही. सुकं खोबरंही विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. गोडा मसाला, मेतकूट, डाळीची पिठं खुशाल ने. डाळ-तांदूळ मात्र नेऊ नकोस, ते तिथे मिळतात, आणि तुर्की दुकानांत भेंडी-कोथिंबीरही मिळते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव. सगळे मूळ कागदही तिथेच: प्रवेशपत्र, पदवीचे कागद तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, व्हिसासाठी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचा कागद. तुझं विमान फ्रँकफर्टला बदलत असेल तर पासपोर्ट तपासणी तिथेच होते, पुढच्या शहरात नाही. रांग लांब असू शकते, म्हणून मध्ये दोन-तीन तास हाताशी असू दे.

आता घर. याबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज अजून केला नसशील तर आज कर, प्रतीक्षा यादी लांब असते. आणि कोणी लिहिलं की ‘मी सध्या लंडनला आहे, चावी कुरिअरने पाठवतो, आधी डिपॉझिट भर’, तर त्याच्याशी पुढे बोलूच नकोस. फोटो सुंदर असतात, भाडं नेमकं परवडणारं असतं, आणि फसतात त्या सगळ्या तुझ्यासारख्याच घाईत असलेल्या मुली. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, एवढं लक्षात ठेव. पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती खोली मिळाली तरी चालेल, पण तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करता येईल का, हे लेखी विचार. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ही नोंदणी झाली की पुढच्या गोष्टी हलतात: बँक, कर क्रमांक, रेसिडेन्स परमिट.

खोलीत शिरल्याबरोबर, चहा करायच्याही आधी, टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटव. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आणि जर्मनीत अजून सगळं टपालानेच येतं: बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं बिलसुद्धा. ती वर्गणी घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते. घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते, मात्र एका घरात चौघी राहत असाल तर चौघींत मिळून एकच. जर्मनमधलं पत्र आलं की ते उशाखाली ठेवू नकोस. त्याच दिवशी भाषांतर करून बघ, शेवटची तारीख शोध, नाही कळलं तर पत्र घेऊन विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला जा. आणि व्हिसाची मुदत थोडी असेल तर रेसिडेन्स परमिटसाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट नोंदणीनंतर लगेच माग. मोठ्या शहरांत ती मिळायला आठवडेच्या आठवडे जातात.

पैशांचं गणित सध्या असं आहे: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. पण तिथलं खातं उघडून, ते जोडून पहिला हप्ता हातात पडेपर्यंत वेळ जातो. तोवरच्या भाड्याचे, डिपॉझिटचे, विम्याचे आणि खाण्यापिण्याचे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे ने. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हेही पूर्ण खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी लावली आहे.

आणि आता जे सांगायला तुला मुद्दाम बसवलं, ते. बाबांनी तुझ्या शैक्षणिक कर्जासाठी घर तारण ठेवलंय हे तुला माहीत आहे आणि ते तुझ्या मनातून क्षणभरही जात नाही, हे मला दिसतंय. विमानातून उतरल्या उतरल्या तू काम शोधायला लागशील. कायदा तुला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करू देतो. पण बाई, पहिलं सेमिस्टर त्यात घालवू नकोस. गोदामातल्या रात्रपाळीनंतर सकाळच्या तासाला डोळे उघडत नाहीत, आणि मग ज्यासाठी कर्ज काढलं तेच हातातून निसटतं. तिथली गुणांची पद्धत उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं तर तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. हे ऐकून घाबरू नकोस, तुझा अभ्यास उत्तम आहे. फक्त परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तयारी नसेल तर ठरलेल्या तारखेआधी नाव मागे घेता येतं, आणि परीक्षेच्या दिवशी आजारी पडलीस तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लगेच द्यावं लागतं. वेळेत कळवलं तर संधी वाचते. गप्प राहिलीस तर ५.० लागतो.

जाण्याआधी बाबांबरोबर एकदा बँकेत जाऊन बैस. कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो, व्याज कधीपासून चढतं, मध्ये नुसतं व्याज भरलं तर किती फरक पडतो, हे कागदावर लिहून घे. शैक्षणिक कर्जाला सहसा शिक्षण संपून काही महिने होईपर्यंत सवड असते. नेमका आकडा कळला की मनातलं भूत लहान होतं. दुसऱ्या सेमिस्टरपासून विभागातच सहायकाचं काम बघ. ते अभ्यासाशी जुळतं आणि प्राध्यापकही ओळखायला लागतात.

तुझ्या तब्येतीचं बोलते. पाळीच्या, थायरॉइडच्या, कसल्याही नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घे. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून दुखणं अंगावर काढून शेवटी जाऊ नकोस. जीवावर बेतलं तर ११२, आणि रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल पण तेवढं गंभीर नसेल तर ११६११७. दोन्ही नंबर फोनमध्ये आत्ताच घाल. आणि कोणी मित्र म्हणून जवळ आला आणि तुला नको वाटलं, तर ‘नको’ एवढंच पुरे. कारण द्यायची गरज नाही.

हिवाळ्याची तयारी मनाने कर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग आपल्यात साडेतीन नाही, साडेचार तासांचं अंतर पडतं. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आधीच सूर्य मावळतो. त्यात रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. त्या दिवसांत रडू येतं, आणि ते तुझ्या एकटीला येतं असं नाही. विद्यार्थी सेवा संस्थेकडे समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत आणि बोललेलं बाहेर जात नाही. म्युनिक-फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, त्यांच्या गणपतीला जा. पण फक्त आपल्याच लोकांत राहू नकोस. वर्गातल्या जर्मन मुलीला अभ्यासाला बसायचं का म्हणून तूच विचार, ती बहुधा ‘हो’च म्हणेल.

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ना व्हिडिओ कॉल, ना मंडळ. मानववंशशास्त्रातल्या पीएच.डी.साठी त्यांनी कवट्या मोजल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते, त्यांना युरोपीय आणि इतर कवट्यांत फरक हवा होता. इरावतीबाईंना मोजमापात तो दिसला नाही, आणि दिसला नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, गुरूसमोर, एवढं सरळ बोलायची हिंमत आपल्याच घरांतल्या एका बाईने दाखवलेली आहे. तुला तर फक्त ‘मला हे समजलं नाही’ एवढंच म्हणायचंय.

घरी फोन करशील तेव्हा ‘सगळं छान आहे’ असं रोज सांगू नकोस. खोली थंड आहे, पेपर अवघड गेला, आज जेवले नाही, हे सांग. आईला काळजी वाटेल, तिला वाटू दे. खोट्या ‘छान’ने तिची काळजी काही कमी होत नाही, ती आवाजावरून ओळखतेच.

आज रात्रीच इंटरनॅशनल ऑफिसला मेल लिही: विमानतळावर घ्यायला कोणी येतं का, नव्या विद्यार्थ्यांना जुना सोबती देतात का. आणि पोचून महिना झाला की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. काय चाललंय ते खरं खरं सांग.