मुलीची भीती वाटते तेव्हा



मागच्या रविवारी विहारात वंदना झाली तरी बायका उठेनात. आदल्या रात्री बऱ्याच जणींनी टीव्हीवर ‘फूंक’ पाहिला होता आणि त्याचीच चर्चा चालली होती. राम गोपाल वर्मा यांचा हा २००८ सालचा चित्रपट. चांगल्या खात्यापित्या घरातली लहान मुलगी अचानक बदलते, भलत्याच आवाजात बोलते, आवरता आवरत नाही. तिच्या आईचे काम आपल्या अमृता खानविलकर यांनी केले आहे, त्यामुळे ती घाबरली की आपल्या बायकाही घाबरतात. बाप देव मानणारा नाही. डॉक्टर होतात, तपासण्या होतात, गुण येत नाही. शेवटी मांत्रिक करणी शोधून काढतो आणि पोर बरी होते. हा चित्रपट थिएटरात एकट्याने बसून पाहील त्याला ५ लाख रुपये, अशी जाहिरात तेव्हा केली होती.

आम्हाला त्यातल्या भुताचे भय वाटत नाही. भय वाटते ते डॉक्टर हरतो त्या भागाचे. वर्मांच्याच २००३ च्या ‘भूत’मध्येही मानसोपचारतज्ज्ञ मागे पडतो आणि मांत्रिक बाई जिंकते. चित्रपट तीन तासांत संपतो, पण ‘डॉक्टरला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य वस्तीत वर्षानुवर्षे राहते. त्याचे काय होते ते आम्ही पाहिले आहे, आणि त्यात आमचीही चूक आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

आम्ही एका दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीला बाहेर बसवले आणि हळूच म्हणाली, “सिस्टर, मला माझ्याच पोरीची भीती वाटती ओ.” जेवता जेवता पोर थांबायची. नजर कोपऱ्यात लागायची. तोंडात घास नसताना चघळल्यासारखे करायची, फ्रॉक ओढत राहायची. हात धरला की जोरात ढकलायची, एकदा आईच्या मनगटाला चावली होती. नंतर आईलाच अनोळख्यासारखी बघायची. बाईने घरातली विळी माळ्यावर लपवली होती आणि रात्री ती जागीच राहायची. नणंद म्हणत होती, लागीर आहे.

आम्ही काय म्हणालो? “लाड कमी करा. शाळा बुडवायची नाटकं आहेत.” रांग मोठी होती. एकही प्रश्न न विचारता आम्ही तिला वाटेला लावले.

महिन्याने ती परत आली तेव्हा पोरीच्या पायांवर वळ होते. मधल्या अमावस्येला देवऋष्याकडे नेले होते. छडी मारली होती, मिरच्यांची धुरी दिली होती. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांनी मात्र बाईला बसवून घेतले आणि विचारले, हे किती वेळ चालते? दर वेळी सारखेच होते का? नंतर ती झोपते का? बाईला लिहिता येत नव्हते, म्हणून मोठ्या भावाने शाळेच्या वहीत लिहून ठेवायचे ठरले. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. सगळ्या जवळपास एकसारख्या: दोनेक मिनिटे, तीच नजर, तेच चघळणे, मग झोप.

ती फिट होती. फिट म्हटले की आपल्याला हातपाय झाडणे आणि तोंडाला फेस एवढेच माहीत असते. पण मेंदूच्या एका भागापुरती फिट आली तर माणूस पडत नाही. नुसता हरवतो, ओठ चाटतो, कपडे चाचपतो, कधी विनाकारण दचकून भेदरतो. अशा वेळी कुणी धरले तर झटापट करतो, आणि भानावर आल्यावर त्याला त्यातले काही आठवत नाही. चावली ती पोर आईवर चिडून चावली नव्हती. पुढे ईईजी काढला. यात डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, शॉक देत नाहीत, दुखत नाही. ईईजी साधा आला म्हणजे फिट नाहीच असेही नसते, म्हणून वहीतल्या नोंदी फार मोलाच्या.

रोजच्या गोळ्यांनी फिट थांबल्या. धुरीची भीती थांबली नाही. शेजारी मिरचीची फोडणी बसली तरी ती पोर कॉटखाली शिरायची. हा आजार तिला मेंदूने दिला नव्हता, मोठ्या माणसांनी दिला होता, आणि त्या मोठ्या माणसांत आम्हीही होतो.

आता हे वाचून प्रत्येक विचित्र वागण्याला फिट समजू नका. झोपेतून किंचाळत उठणारे, डोळे उघडे असून आईला न ओळखणारे लहान मूल बहुधा सकाळी सगळे विसरते. वाढत्या वयात ते आपोआप कमी होते, त्याला हलवून जागे करू नये. पण हसतेखेळते मूल एकाएकी गप्प झाले, अंथरूण ओले करू लागले, एखाद्या माणसाला पाहून लपू लागले, तर त्याच्यावर कुणी हात टाकला आहे का, मारले आहे का, शाळेत कुणी जातीवरून चिडवते आहे का, हे शांतपणे विचारावे. कधी कधी जे तोंडाने सांगता येत नाही ते अंगातून बाहेर पडते, मूल बेशुद्ध पडते, ‘अंगात येते’. ते नाटक नसते. कानात आवाज ऐकू येणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करणे, यात तर एक दिवसही थांबू नये.

फिट चालू असताना मुलाला कुशीवर वळवा, जवळची टोकदार वस्तू दूर करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन लावा. गोळ्या सुरू झाल्या की बरे वाटले म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत.

बाविस प्रतिज्ञा आपल्या पाठ आहेत. तरीही काळोख पडल्यावर देवऋष्याकडे जाणारी आपलीच घरे आम्हाला माहीत आहेत. त्यांना हिणवून उपयोग नाही, पोर तडफडत असते तेव्हा आई कुठेही जाते. पण कायदा माहीत असू द्या. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आला. भूत उतरवतो म्हणून बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा त्याने गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने मेले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळी घालायला बंदी आहे.

विहारातल्या एका शिकलेल्या मुलीने वेगळाच मुद्दा काढला. भूत नसेल, पण काही मुले जन्मतःच वाईट असतात, असे सिनेमात दाखवतात की! खरे आहे. अमेरिकेत विल्यम मार्च यांनी १९५४ साली ‘द बॅड सीड’, म्हणजे वाईट बी, ही कादंबरी लिहिली, १९५६ ला तिचा चित्रपट झाला. आठ वर्षांची मुलगी अक्षराच्या बक्षिसाचे पदक हवे म्हणून वर्गातल्या मुलाला मारते. आईला कळते की आपली जन्मदाती खुनी होती, म्हणजे ते रक्तातून पोरीत उतरले. नवरा कामासाठी दूर, भीती एकटीच्या उरावर. शेवटी ती पोरीला झोपेच्या गोळ्या देते आणि स्वतःचा जीव घेते. पोर मात्र वाचते.

रक्तातून वाईटपणा येतो, हे ऐकून आपल्या कानांनी तरी सावध व्हावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मलेल्या पोराला जन्मापासून गुन्हेगार ठरवले, ते १९५२ पर्यंत चालले. आपल्यालाही जन्मावरूनच मोजले गेले. काही आजारांचा कल घराण्यात असतो, मधुमेहाचा असतो तसाच. पण आजाराचा कल वेगळा आणि वाईट बी वेगळे. त्या कादंबरीतल्या आईला एक विचारायला हवे होते, ते कुणी विचारले नाही: बाई, तू किती रात्री झोपली नाहीस?

मुलीची भीती वाटते म्हणून कुणी वाईट आई ठरत नाही. ती भीती बोलून दाखवा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. मुलाला मारहाण किंवा छळ होत असेल तर १०९८. कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, आपल्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे. शाळेत तपासणीचे पथक येते तेव्हा पोरांना घरी ठेवू नका.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबणार आहोत. पोराला आणायची गरज नाही. कधी झाले, किती मिनिटे चालले, आधी काय आणि नंतर काय, एवढे लिहिलेली वही घेऊन या. लिहिता येत नसेल तर तसेच या, आम्ही लिहून घेऊ.