जे कागदावर, ते हातात हवं

पोरी, डिप्लोमा मेकॅनिकल झालीस आणि चाकणच्या कारखान्यातून मुलाखतीचा फोनही आला. छान झालं. माझी सगळी नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत गेली आणि शेवटची काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून तुझ्यासारख्या पोरापोरींना प्रश्न विचारण्यात गेली. म्हणून सांगतो, तुझी प्रश्नपत्रिका तूच काढतेस आणि बायोडेटा म्हणून आपल्या हातानं समोर ठेवतेस.

तेव्हा आधी तो कागद घे आणि एकेका ओळीवर बोट ठेव. ‘ऑटोकॅड येतं’ असं लिहिलंयस ना? मग शेवटचं ड्रॉइंग कशाचं काढलं आणि कुठं अडलीस, हे सांगता आलं पाहिजे. ‘सीएनसी प्रोग्रॅमिंग’ लिहिलंयस आणि जी झीरो-झीरो न् जी झीरो-वनमधला फरक विचारल्यावर छताकडे बघणार असशील, तर ती ओळ आजच खोडून टाक. मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर हे सगळेच लिहितात आणि कुणी वाचत नाही. त्या जागी इनप्लांट ट्रेनिंगला कुठल्या खात्यात होतीस आणि तिथं काय हाताळलंस, ते लिही.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विचारतातच. चौघांनी मिळून केलेला असतो आणि चौघेही ‘आम्ही केलं’ म्हणतात. पुढचा प्रश्न ठरलेला: तू काय केलंस? मटेरियल आणायला तू गेली असशील तर तेच सांग. कुठून आणलं, किलोला काय भाव पडला, वेल्डिंग केल्यावर फ्रेम वाकली तेव्हा काय केलं. असा एक खरा तपशील आला की विचारणारा खुर्चीत पुढं सरकून बसतो.

माझी एक सवय होती. टेबलावर व्हर्नियर आणि एक पिन ठेवायचो आणि ‘माप घे’ एवढंच म्हणायचो. बहुतेक जण घाईनं पिन जबड्यात धरायचे. एखादाच आधी जबडे पुसायचा, ते मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघायचा आणि मग पिन धरायचा. त्याचं निम्मं काम तिथंच व्हायचं. लीस्ट काउंट पाठ असतोच सगळ्यांना: पन्नास भागांच्या व्हर्नियरचा 0.02 मिमी, साध्या मायक्रोमीटरचा 0.01 मिमी. तो येतो कुठून, हेही आलं पाहिजे. मुख्य पट्टीवरच्या 49 मिलिमीटरचे व्हर्नियरवर 50 भाग केलेले असतात, म्हणून एका भागात 0.02 चा फरक पडतो. ड्रॉइंगवर 25 ± 0.05 दिसलं, तर 24.95 ते 25.05 ओके आणि त्याबाहेरचं रिजेक्ट, हे विचार न करता तोंडातून यायला हवं.

इंग्रजीचा बाऊ करू नकोस. स्वतःची ओळख चार वाक्यांत इंग्रजीतून सांगता येईल एवढी तयारी ठेव. पुढं अडलीस तर सरळ विचार, ‘सर, मराठीत किंवा हिंदीत सांगू का?’ शॉपमध्ये कामाची भाषा तशीही मिसळलेलीच असते. उत्तर येत नसेल तर ‘हे मी केलेलं नाही’ म्हण आणि थांब. फेकाफेकी दोन प्रश्नांत उघडी पडते.

पत्ता नीट विचारून घे. नुसतं ‘चाकण एमआयडीसी’ म्हणून निघालीस तर फसशील. तिथं फेज वेगवेगळे आहेत. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी अशी गावं पसरलेली आहेत आणि तळेगाव चौकातली वाहतूक कधी तुंबेल याचा नेम नाही. साताऱ्याहून सकाळी निघण्यापेक्षा आदल्या रात्री आमच्याकडे ये. शॉप बघायला आत नेतील, त्यामुळे पुढून बंद असलेले बूट घाल, केस घट्ट बांध आणि ओढणी घ्यावी लागणार नाही असेच कपडे निवड. लेथजवळ लोंबणारी ओढणी दिसली की सुपरवायझरच्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्त असते.

ओरिजिनल कागदपत्रं दाखव आणि लगेच परत घे. ठेवायच्या त्या सही केलेल्या झेरॉक्स. गेटबाहेर कुणी ‘आत लावून देतो, एवढे द्या’ म्हणाला तर पुढं चालायला लाग. नोकरीसाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो.

पगाराचा विषय ते काढतील तेव्हा लाजू नकोस. आधी विचार, कंपनीच्या रोलवर, कॉन्ट्रॅक्टवर की ॲप्रेंटिस? ॲप्रेंटिस असशील तर स्टायपेंड मिळतो, पीएफ नसतो आणि मुदत संपल्यावर ठेवून घेतीलच असं नाही. कॉन्ट्रॅक्टवर असशील तर पगार ठेकेदाराकडून येतो. मग विचार, हातात किती? समज, सगळा मिळून पगार 18,000 आणि त्यातलं बेसिक-डीए 14,000 धरलं. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,680 जातील, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 135. व्यवसाय कर तुला नाही, कारण महाराष्ट्रात बायकांना महिना 25,000 पर्यंत तो माफ आहे. राहिले 16,185. त्यातून कँटीन आणि कंपनी-बसचे पैसे कापतात का, तेही विचार. सीटीसीचा मोठा आकडा घरी फोन करून सांगण्याआधी हा हिशेब मांड.

आणि तुला मुलगी म्हणून दोन प्रश्न जास्तीचे येतील. ‘लग्नाचं काय?’ चिडू नकोस, ‘सध्या नोकरी करून काम शिकायचं ठरवलंय,’ एवढंच म्हण. ‘सेकंड शिफ्ट, नाइट शिफ्ट जमेल का?’ यावर लगेच हो-नाही म्हणू नकोस. बस कुठपर्यंत सोडते, सोबत आणखी मुली आहेत का, हे विचार आणि मग उत्तर दे. असं विचारणारी मुलगी विचार करूनच हो म्हणते, हे समोरच्याला कळतं.

संध्याकाळी घरी आलीस की आधी वही उघड. काय काय विचारलं आणि कुठं अडखळलीस, ते सगळं लिहून ठेव. फोन आला तर उत्तमच. नाही आला तरी पुढच्या कंपनीत यातले निम्मे प्रश्न पुन्हा येणार आहेत, आणि तेव्हा त्यांची उत्तरं तुझ्याजवळ असतील.