संस्थेचे नाव की लेकरू?

अभ्यासपाठ. वाचन : मत्तय १८:१–१४



जुलै २००८ मधील एका सकाळी मी वर्तमानपत्रात वाचले की, मुंबईतील ‘अँकरेज’ या मुलांच्या निवाऱ्याच्या खटल्यातील आरोपींना उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मी पत्नीला म्हणालो, “बरे झाले. चांगल्या कामावरचा डाग पुसला गेला.” आज ते आठवले की लाज वाटते. मला संस्था आठवली. मुले आठवली नाहीत.

काय घडले होते? कुलाबा व मुरूड येथे हे निवारे रस्त्यावरच्या मुलांसाठी चालत. चालवणाऱ्या परदेशी गृहस्थांना दानशूर म्हणून मान होता. २००१ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचाराची तक्रार पुढे आली. मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघा ब्रिटिश नागरिकांना सहा वर्षांची सक्तमजुरी दिली. उच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षीवर भरवसा ठेवला नाही. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०११ मध्ये त्या न्यायालयाने मुलांची साक्ष विश्वसनीय मानून शिक्षा कायम केली. तक्रारीपासून दहा वर्षे गेली होती. मुलगे तोवर तरुण झाले होते.

अशी बातमी आली की आपण बहुधा तीन गोष्टी बोलतो.

१. “इतका सेवाभावी माणूस असे करणारच नाही.” पण सेवेचे नाव हेच अशा माणसाचे पांघरूण असते. त्या नावावर विसंबूनच लोक त्याच्या हाती मुले सोपवतात.

२. “या मुलांना कोणीतरी शिकवले असेल.” गरिबाच्या लेकराचा शब्द आपण हलका धरतो. शिकल्यासवरल्या घरचे मूल बोलले असते, तर असेच म्हटले असते का?

३. “फाशी द्या!” संताप योग्यच आहे, पण तो दोन दिवसांत ओसरतो. शिवाय गुन्हेगाराला राक्षस ठरवले की स्वतःच्या अंगणात पाहायची गरज वाटत नाही.

हे आपल्याला का लागू आहे? पाड्यावरचे आईबाप सहा-सात वर्षांचे मूल वसतिगृहात आपल्या भरवशावर ठेवून जातात. घर लांब, भाषा वेगळी. अशा बातमीवर मोठी माणसे काय बोलतात, ते मूल ऐकत असते. आपले दुःख सांगावे की गिळावे, हे ते त्यावरून ठरवते.

प्रभू येशूने शिष्यांच्या मधोमध एका बालकाला उभे केले. लहानग्याला अडखळवणाऱ्याविषयी त्याने जात्याच्या तळीचा इशारा दिला. संस्थेची अब्रू राखा, असे तो कोठेही म्हणाला नाही.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मंडळीत बसून आपसात मिटवणे हा मार्ग नाही. खरेखोटे न्यायालय ठरवील. मुलाचे ऐकून घेणे व कळवणे हे आपले काम. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. अशा बातमीवर माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य कोणते होते?

२. आपल्या वसतिगृहातील मूल तक्रार कोणाकडे करू शकते? ते मुलांना माहीत आहे का?

३. आरोप आपल्याच एखाद्या सेवकावर आला, तर त्या रात्री आपण प्रथम कोणाला फोन करू?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच लिहून ठेवा.