डाय इंकचे पॅड : रंग उमटतो कसा, विटतो कशाने

शुभेच्छापत्रे, निमंत्रणे आणि आठवणींच्या वह्या शिक्के उमटवून सजवण्यासाठी जी रंगीत पॅड मिळतात, त्यांतील बरीचशी डाय इंकची असतात. डाय म्हणजे रंजक. साखर पाण्यात विरघळावी तसे ते शाईच्या द्रवात पूर्ण विरघळलेले असते. पिगमेंट इंकमध्ये रंगद्रव्याचे बारीक कण असतात. ते विरघळत नाहीत, द्रवात नुसते पसरलेले राहतात. दोन्ही प्रकारच्या शाईचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

डाय इंक कागदाच्या तंतूंत शिरते, म्हणून ठसा चटकन वाळतो आणि बारीक रेघही स्पष्ट उमटते. पिगमेंट इंक कागदावर थर धरून बसते आणि सावकाश वाळते. डाय इंक पारदर्शक असते. पिवळ्यावर निळा ठसा दिला तर हिरवा रंग दिसतो, पण गडद तपकिरी किंवा काळ्या कार्डशीटवर तोच ठसा जवळजवळ नाहीसा होतो. ओला ठसा वाळल्यावर किंचित फिका पडतो. वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर एकच पॅड वेगवेगळे दिसते, म्हणून झाकणावरच्या रंगावर विसंबू नये. पत्रासाठी जो कागद वापरायचा, त्याच्याच तुकड्यावर आधी ठसा उमटवून पाहावा.

रंजक आणि काजळ

रंजकाचे विटणे महाराष्ट्राला नवे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या जोडीने करडई घेण्याची जुनी रीत आहे. करडईच्या पाकळ्यांपासून निघणारा कुसुंबी रंग एकेकाळी मानाचा होता, पण तो ऊन सोसत नाही आणि क्षार असलेल्या साबणानेही जातो. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करताना जांभळे रंजक सापडले आणि कृत्रिम रंजकांचे युग सुरू झाले. पुढे काही वर्षांतच आलेले मिथाइल व्हायोलेट कचेऱ्यांच्या जांभळ्या स्टॅम्प पॅडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. हे रंग स्वस्त आणि झळझळीत होते, पण त्यांतले अनेक उन्हात टिकणारे नव्हते. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगवलेल्या शयनगृहाच्या प्रसिद्ध चित्रातील भिंती आज निळ्या दिसतात. मूळ रंग जांभळा होता, त्यातली लाल छटा काळाच्या ओघात उडाली.

याउलट शिवकाळातील आणि पेशवाईतील मोडी कागदांवरची अक्षरे व शिक्के अजून काळेभोर दिसतात. ती शाई काजळ आणि डिंक यांची असे. काजळ म्हणजे कार्बनचे कण, अर्थात रंगद्रव्य; प्रकाशाने त्याचे काही बिघडत नाही. मात्र तोच कागद भिजला तर डिंक सुटून अक्षरे पसरू शकतात. पाण्याला टिकणे आणि उन्हाला टिकणे हे दोन वेगळे गुण आहेत, एवढे यावरून पक्के होते. पॅडवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले, तरी त्याचा रंग उन्हात उडणार नाही असा अर्थ होत नाही.

प्रकाशातील ऊर्जेने, विशेषतः अतिनील किरणांनी, रंजकाचा रेणू मोडतो आणि रंग जातो. रंगद्रव्याच्या कणात वरचे रेणू आतल्या रेणूंना आडोसा देतात. विरघळलेल्या रंजकाचे रेणू कागदात सुटे विखुरलेले असल्याने त्यांना तो आडोसा नसतो. रंगाचा टिकाऊपणा मोजण्यासाठी निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची जागतिक पद्धत आहे. पहिली पट्टी सर्वांत लवकर विटते, आठवी सर्वांत उशिरा. घरी याची सोपी आवृत्ती करता येते. हातातल्या सर्व पॅडचे ठसे कागदाच्या एका पट्टीवर उमटवावेत, पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि ती पश्चिमेच्या खिडकीला काही आठवडे लावून ठेवावी. अहिल्यानगरचा उन्हाळा या परीक्षेला पुरेसा कडक असतो. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवला की कोणता रंग कितपत भरवशाचा आहे ते कळते.

कागद आणि हवा

रंगाचा निम्मा निकाल कागद लावतो. खळ चढवलेला, घट्ट पोताचा कागद शाईला वरच्या थरात धरून ठेवतो आणि ठशाच्या कडा रेखीव येतात. खळ नसलेल्या मऊ कागदावर शाई फुटते. बारीक नक्षीच्या रेघा एकमेकींत मिसळतात. हातकागद दिसायला देखणा असतो. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून ही परंपरा महाराष्ट्रात जोपासली. परंतु त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर ठळक, कमी बारकाव्याचे शिक्के शोभतात. पत्राच्या मुख्य अंगासाठी २०० ते ३०० जीएसएमची गुळगुळीत, पण चकचकीत नसलेली कार्डशीट सर्वांत सोयीची. प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदावर किंवा छायाचित्राच्या चकचकीत बाजूवर साधी डाय इंक शोषली जात नाही. ठसा ओला राहतो आणि बोट लागताच फरफटतो.

अहिल्यानगर जिल्ह्याची हवाही एकसारखी नाही. पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदे, पारनेर हा भाग पर्जन्यछायेतला. तिथे मार्च ते मे या काळातील कोरड्या उन्हात उघडे राहिलेले पॅड लवकर सुकते, आणि मोठ्या शिक्क्यावर लावलेली शाई कागदापर्यंत पोचेतो अर्धी वाळते. परिणामी ठसा मध्येमध्ये तुटक येतो. उपाय साधा आहे: पंखा बंद करावा, कागद आधी जागेवर मांडून ठेवावा, शिक्क्याला शाई शेवटी लावावी आणि उशीर न करता दाबावे. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, पावसाळ्यात अडचण उलटी असते. कागद हवेतला ओलावा धरतो, शाई फुटते आणि वरवर वाळलेला ठसा समोरच्या पानावर उमटतो. तिथे कार्डशीट प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवावी आणि तयार पत्रे एकावर एक रचण्यापूर्वी रात्रभर मोकळी ठेवावीत.

राखीपौर्णिमा ऐन श्रावणात येते. राखीसोबत पाठवायच्या पाकिटावर पत्ता किंवा नक्षी साध्या डाय इंकने उमटवली, तर एका सरीत ती वाहून जाते. पत्ता बॉलपेनाने लिहावा. शिक्क्याची सजावट पाकिटाच्या आतल्या पत्रापुरती ठेवावी.

उमटवण्याची रीत

लहान शिक्का पॅडवर हलक्या हाताने दोन-तीनदा टेकवावा. दाबून घासू नये. घासल्याने शाई नक्षीच्या खोलगट भागात भरते आणि ठशाला डाग पडतात. मोठा शिक्का उताणा ठेवून पॅडच त्यावर टेकवत न्यावे. कागदाखाली वर्तमानपत्राची घडी घातली की दाब सगळीकडे सारखा पडतो. शिक्का सरळ खाली टेकवावा, डोलवू नये आणि सरळ वर उचलावा. नव्या रबरी शिक्क्याचे पहिले दोन ठसे रद्दीवर घ्यावेत.

एकाच शिक्क्यावर अनेक रंग द्यायचे असतील तर फिक्याकडून गडदाकडे जावे. निळा लागलेला शिक्का पिवळ्या पॅडवर टेकला, की ते पॅड कायमचे हिरवट होते. अनेक रंगांच्या पट्ट्या असलेले पॅड आडवेच ठेवावे. कलते राहिले तर रंग एकमेकांत उतरतात.

पाण्याने सुटणारी डाय इंक काही ठिकाणी फायद्याची ठरते. ठशावर ओला कुंचला फिरवला, तर जलरंगासारखी छटा मिळते. मात्र बाह्यरेषा उमटवून आत जलरंग किंवा स्केचपेन भरायचे असतील, तर ती रेषाही विरघळून सगळे गढूळ होते. अशा कामाला वाळल्यावर पाण्याने न सुटणारी शाईच घ्यावी. उष्णतेने फुगणारी एम्बॉसिंग पावडर डाय इंकवर नीट धरत नाही, कारण पावडर पडेपर्यंत ठसा वाळलेला असतो. त्यासाठी सावकाश वाळणारी पिगमेंट किंवा एम्बॉसिंगची शाई लागते.

काम झाल्यावर शिक्का ओल्या फडक्याने पुसावा. लाकडी मुठीचा शिक्का पाण्यात बुडवून ठेवू नये. डिंक सुटून रबर निघते. पारदर्शक शिक्क्यावर लाल-गुलाबी शाईचे डाग राहतात, पण शिक्का पूर्ण पुसलेला असल्यास त्या डागांनी पुढचा ठसा बिघडत नाही. सुकलेल्या पॅडमध्ये पाणी ओतू नये. त्याने रंग पातळ होतो आणि बुरशीही धरते. त्याच कंपनीची, त्याच रंगाची पुन्हा भरण्याची शाई थेंबाथेंबाने टाकावी, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पसरावी आणि रात्रभर मुरू द्यावी. वर उचललेल्या फोमचे एकरंगी पॅड झाकण घट्ट लावून उपडे ठेवल्यास शाई पृष्ठभागाशी राहते.

जपायच्या वस्तू आणि बाळाची पावले

बारसे, लग्न, घरभरणी यांच्या आठवणींच्या वहीला वेगळी कसोटी लावावी लागते. ती वीस-तीस वर्षांनी उघडली जाणार असते. तिच्यातली नावे, तारखा आणि नाती डाय इंकने उमटवू नयेत. ती काळ्या पिगमेंट शाईच्या पेनाने लिहावीत. सजावटीची पाने-फुले डाय इंकची चालतील, कारण वही मिटलेली असते आणि प्रकाश कमी लागतो. कागद आम्लमुक्त असावा. छायाचित्रांवर पीव्हीसीची कव्हरे घालू नयेत. ती कालांतराने चिकटतात. भिंतीवर लावायच्या चौकटीत डाय इंकचे मूळ काम अडकवू नये. त्याची रंगीत प्रत काढून ती लावावी आणि मूळ आत ठेवावे.

बाळाच्या पावलाचा ठसा घेण्याची हौस अलीकडे घरोघरी दिसते. कचेरीचे स्टॅम्प पॅड त्यासाठी मुळीच वापरू नये. त्यातील रंजके आणि द्रावके कागदासाठी असतात, कोवळ्या त्वचेसाठी नव्हे, आणि बाळाचे हातपाय तोंडात जायला वेळ लागत नाही. तान्ह्या बाळाच्या त्वचेसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेले पॅड घ्यावे आणि ठसा झाल्याबरोबर पाऊल धुवावे. शाळेतल्या मुलांसाठीही धुऊन निघणारी, विषारी नसल्याची नोंद असलेली शाईच आणावी.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात: वस्तू कोणाच्या हाती जाणार, ती किती काळ टिकायला हवी आणि कागद कोणता. आठवडाभर मिरवायचे पत्र, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण, भेटीवरची चिठ्ठी यांना डाय इंकसारखी स्वस्त, लवकर वाळणारी आणि तजेलदार शाई दुसरी नाही. जे पुढच्या पिढीने वाचावे असे वाटते, ते डाय इंकवर सोपवू नये.